राजाराम बंधाऱ्याचा आकडा बघून आमच्या गावात पाणी कधी येणार हे कसं ओळखायचं? (शिरोळ तालुका)

शिरोळची_लेक

नमस्कार सगळ्यांना. माझं माहेर शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला, इचलकरंजी आणि नृसिंहवाडीच्या मधल्या पट्ट्यात. मी पुण्यात असते, भाऊ चाकणला कंपनीत आहे, गावात आई-आबा दोघंच आणि गोठ्यात दोन म्हशी, एक गाय आणि तिची कालवड. २०१९ ला घरात माळ्यापर्यंत पाणी होतं, २०२१ ला परत आलं.

आता पाऊस सुरू झाला की व्हॉट्सॲपवर दिवसभर मेसेज येत राहतात, राजाराम बंधारा ३७ फूट ४ इंच, राधानगरीचे चार दरवाजे उघडले, कोयनेचा विसर्ग वाढवला, अलमट्टीतून इतके लाख क्युसेक, आणि मी पुण्यात बसून नुसती वाचत राहते पण त्यावरून आमच्या दारात पाणी कधी येणार हे मला काहीच कळत नाही. आबांना फोन केला की म्हणतात मळवीत (नदीकाठच्या सखल रानात) पण अजून आलं नाही, तू काळजी करू नको. गेल्या वेळी कोल्हापुरात पातळी उतरायला लागली अशी बातमी आली म्हणून आम्ही निर्धास्त झालो आणि आमच्याकडे त्यानंतर पण पाणी चढतच राहिलं, हे कसं काय?

मला एवढंच समजून घ्यायचंय की नेमका कुठला आकडा बघायचा, किती वेळ हातात असतो, आणि म्हशी कधी हलवायच्या. आबांना शेवटच्या क्षणाला पाण्यातून चालत नेणं आता जमणार नाही, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं. कुणी काठावरचं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

बंधाऱ्याजवळचा

ताई मी कसबा बावड्याचा, बंधारा आमच्या हद्दीतच. पहिली गोष्ट ही की राजारामचा आकडा हा कोल्हापूर शहराचा आणि करवीरच्या काठच्या गावांचा आकडा आहे, तुमचा नाही. तिथं ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, ती या जागेपुरती ठरवलेली. साधारण तिशीच्या आसपास पाणी पात्राबाहेर पडतं, ४३ च्या वर गेलं की शहरातल्या सखल भागात शिरायला लागतं. २०१९ ला ५५ फुटांच्या वर गेलं होतं आणि २०२१ ला ५६ च्या, दोन्ही वेळेला शिरोलीजवळ हायवेवर पाणी येऊन पुणे-बंगळूर रस्ता बंद पडला होता.

दुसरं म्हणजे फूट हा शब्द बघून दोन ठिकाणांची तुलना करू नका. प्रत्येक बंधाऱ्याच्या मोजपट्टीचा शून्य वेगळ्या उंचीला आहे. इचलकरंजीत इशारा ६८ फूट आणि धोका ७१ फूट आहे, म्हणजे इचलकरंजी ६० फूट असा मेसेज आला तर तिथं नदी अजून इशाऱ्याच्या पण खाली आहे, आणि राजारामला ४५ म्हटलं तर धोका ओलांडून गेलेली. लोक हे दोन आकडे शेजारी ठेवतात आणि ६० बघून उगाच घाबरतात, नाहीतर ४५ लहान दिसतो म्हणून गाफील राहतात. केंद्रीय जल आयोगाच्या वेबसाइटवर तर फूट पण नसतात, समुद्रसपाटीपासूनचे मीटर असतात, त्यामुळे तिथं पाचशे-काहीतरी असा आकडा दिसेल, तो तिथल्याच धोका पातळीशी ताडून बघायचा.

तुम्ही इचलकरंजी, तेरवाड आणि नृसिंहवाडी हे तीन आकडे धरा. जिल्हा प्रशासनाकडून पावसाळ्यात रोज जो तक्ता येतो त्यात बंधारानिहाय पातळी असते, सगळे लोक त्यातली फक्त राजारामची ओळ फॉरवर्ड करतात, पूर्ण तक्ता मागून घ्या.

वाडीचा_घाट

वरच्या दादांनी बरोबर सांगितलंय पण तुमचा खरा प्रश्न राहिला, कोल्हापुरात उतरतंय आणि तुमच्यात चढतंय हे का. त्याचं कारण फुग.

आमच्या वाडीला, म्हणजे नृसिंहवाडीला, पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा त्याआधीच हरिपूरला वारणा घेऊन आलेली असते, आणि तिच्यामागं कोयनेचं पाणी. कृष्णा फुगली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, जागच्या जागी तटतं आणि मागं मागं पसरत जातं, आणि आपला भाग इतका सपाट आहे की ते लांबपर्यंत मागं जातं. तुमच्या गावात जे पाणी येतं त्याला तुम्ही बघितलं असेल ओढच नसते, तळ्यागत शांत उभं राहतं आणि बोट बोट वर येत राहतं. ते पंचगंगेचं वाहतं पाणी नाही, फुगीचं पाणी आहे. म्हणून कोल्हापुरात ऊन पडलं तरी शिरोळ तालुक्यात पाणी हलत नाही. २०१९ ला आठवड्यापेक्षा जास्त दिवस गावं पाण्यात होती ती यामुळेच, कृष्णा, वारणा, पंचगंगा, दूधगंगा चार नद्यांचा तालुका आमचा, एक उतरली तर दुसरी चढलेली.

तेव्हा ताई तुम्ही कोल्हापूरपेक्षा सांगलीकडं जास्त लक्ष ठेवा. आयर्विन पुलाला ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. आयर्विनला पाणी झपाट्यानं चढायला लागलं आणि इकडं पंचगंगा पण भरलेली असली की समजायचं आता आपल्याकडची वाट बंद होणार. दोन्ही नद्या एकाच वेळी भरल्या तर तो महापूर. एकच भरली तर बहुतेक वेळा मळवी आणि खालची उसं बुडून पाणी परत जातं.

आणखी एक खूण. वाडीत दक्षिणद्वार सोहळा झाला की (पाणी देवळात उत्तर दरवाजानं येऊन पादुकांवरून दक्षिण दरवाजानं बाहेर पडतं तो) सगळे दर्शनाला, स्नानाला येतात, आनंदाचा दिवस असतो. पण आमच्या घरातली म्हातारी माणसं त्या दिवसापासून खालच्या खोलीतलं धान्य वर ठेवायला लागतात. देऊळ पात्रातच आहे म्हटल्यावर दक्षिणद्वार म्हणजे पूर नव्हे, पण तिथनं पुढं रोज सकाळ-संध्याकाळ पाणी बघायचं हे ठरलेलं.

शाखा_अभियंता_निवृत्त

पाटबंधारे खात्यात नोकरी झाली, बरीच वर्षं याच खोऱ्यात. थोडं धरणांबद्दल लिहितो कारण सगळ्यात जास्त घबराट दरवाजे उघडले या बातमीनं होते.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८.३ लिटर. ११,५७४ क्युसेक पाणी सलग २४ तास सोडलं की १ टीएमसी (शंभर कोटी घनफूट) होतं, हा एक आकडा लक्षात ठेवा, बाकी सगळा हिशोब जमतो. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी ठराविक उंचीला गेलं की आपोआप उघडतात आणि उतरलं की आपोआप बसतात, तिथं बटण दाबणारा कुणी नसतो, त्यामुळे यांनी मुद्दाम रात्री सोडलं वगैरे जे बोललं जातं त्याला अर्थ नाही. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक. सातही उघडले तर जवळजवळ १०,००० आणि वीजगृहातून सुमारे १,५००, म्हणजे दिवसाला साधारण १ टीएमसी. ही लहान गोष्ट नाही. पण महापुरात पंचगंगेतनं जे वाहतं ते याच्या कितीतरी पट असतं. मग बाकीचं पाणी कुठलं? धरणाच्या खालचं. राधानगरी, तुळशी, कुंभी, कासारी ही सगळी धरणं डोंगराच्या कुशीत वरच्या टोकाला आहेत, त्यांच्याखाली प्रयागपर्यंत जो सगळा मुलूख आहे तिथं पडणाऱ्या पावसाला अडवणारं काहीच नाही, आम्ही त्याला मुक्त पाणलोट म्हणतो. गगनबावडा, पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी तालुक्यात सलग दोन दिवस धो-धो पडला की एकही दरवाजा न उघडता नदी धोक्याला जाऊ शकते. म्हणून दरवाज्यांआधी पाऊस बघा. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासात ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे अति जोरदार, त्याच्या वर अत्यंत जोरदार. घाटमाथ्याला सलग दोन-तीन दिवस अति जोरदार पडतोय आणि धरणं आधीच भरत आलीत, अशा वेळी तयारीला लागायचं.

कृष्णेच्या बाजूनं कोयना, १०५ टीएमसी, आणि वारणा, ३४.४० टीएमसी. इथं मात्र दरवाजे माणसं चालवतात आणि विसर्ग वाढवण्याआधी सूचना निघते, ती सूचना तुमच्या कामाची. पाणी सांगलीला आणि पुढं वाडीला पोचायला वेळ लागतो, किती ते नदी आधी किती भरली आहे त्यावर असतं. कोरड्या पात्रात वेगळं, भरलेल्या पात्रात वेगळं. मी तुम्हाला तासांचा एक आकडा देऊ शकतो पण देणार नाही, कारण तुम्ही त्याच्यावर विसंबाल.

अलमट्टीचं, म्हणजे कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या धरणाचं विचारलंत. २०१९ नंतर वडनेरे समिती नेमली होती, त्यांनी अलमट्टीला पुराचं मुख्य कारण धरलं नाही, अतिवृष्टी, पात्रातली अतिक्रमणं, अडथळे यांवर बोट ठेवलं. काठावरच्या बऱ्याच लोकांना ते पटलेलं नाही आणि धरणाची पाणी साठवायची उंची ५१९.६० मीटरवरून वाढवायला त्यांचा विरोध आहे. तो लढा वेगळा आणि तो चालू राहावा. पण म्हशी हलवायच्या त्या रात्री तुम्हाला अलमट्टीची आवक आणि जावक बघायचीय, दोन्ही. आवक जास्त आणि जावक कमी असं सलग दिसत असेल तर कलेक्टर ऑफिसच्या कंट्रोल रूमला १०७७ ला विचारा की काय बोलणं चाललंय.

बघायला काय काय: केंद्रीय जल आयोगाचं फ्लडवॉच इंडिया ॲप आहे, त्यात कृष्णेवरची अर्जुनवाड, कुरुंदवाड ही ठाणी मिळतील. जलसंपदाची कृष्णा-भीमा खोऱ्याची रिअल टाइम यंत्रणा आहे, त्यात स्वयंचलित केंद्रांचा पाऊस आणि पातळी दिसते. पुण्यात बसून तुम्ही हे आबांपेक्षा चांगलं बघू शकता. आबांचं काम वेगळं, ते मळवीत जाऊन खुंटी बघतील.

शिरोळची_लेक

किती छान समजावलंत सगळ्यांनी, खूप आभार. फुगीचं वाचून डोक्यात लख्ख झालं, आई नेहमी म्हणायची पाणी मागनं आलं, मला ते कधी कळलंच नव्हतं.

खुंटी म्हणजे काय काका? आणि भाऊ म्हणतोय की आपण पुलावर सेन्सर बसवू, मोबाईलवर मेसेज येईल, त्याच्या कंपनीतला मित्र करून देतो म्हणतोय. जमेल का?

सर्किट_सांगली

सेन्सरचं मी सांगतो, आमच्या कॉलेजच्या मुलांना घेऊन असं एक केलं होतं. करा, पण आधी हे वाचा.

स्वस्तातला वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक सेन्सर साधारण साडेचार मीटरपर्यंतच बघतो. उन्हाळ्यातलं पाणी आणि महापूर यात पुलाखाली त्याच्यापेक्षा खूप जास्त फरक असतो म्हणजे पूर्ण नदी काही त्याला दिसणार नाही. तुम्हाला तशी गरजही नाही, वरचे चार मीटर दिसले तरी बास, तेच धोक्याचे. अगदी जवळ, वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आत पाणी आलं की परत आंधळा होतो, म्हणून थोडा उंच लावा. आवाजाचा वेग तापमानानं बदलतो, दहा डिग्रीचा फरक झाला तर चार मीटरला सहा-सात सेंटिमीटरची चूक येते, सोबत तापमानाचा सेन्सर लावून दुरुस्ती करून घ्या. आणि आपल्या पंचगंगेची खास अडचण म्हणजे जलपर्णी. पुराबरोबर जलपर्णीचे मोठे मोठे गठ्ठे वाहत येऊन पुलाला अडकतात, सेन्सर त्यांनाच पाणी समजतो. एका रीडिंगवर विश्वास ठेवू नका, मिनिटभरात वीस-तीस घेऊन मधलं धरा. बजेट असेल तर रडार सेन्सर घ्या, तापमानाची भानगड नाही आणि लांबचं बघतो. पुलावर काही ठोकण्याआधी बांधकाम विभागाची परवानगी मात्र काढा.

पण ताई, ज्या दिवशी खरी गरज असते त्या दिवशी लाईट नसते आणि त्यानंतर टॉवर पण जातो. सोलर लावलं तरी आठवडा-आठवडा ऊन नसतं, म्हणजे बॅटरी तेवढी मोठी पाहिजे. म्हणून सेन्सर हा आधीच्या दोन-तीन दिवसांसाठी, नदी चढायला लागली हे तुम्हाला पुण्यात कळण्यासाठी. मेसेज यायचा बंद झाला याचा अर्थ सगळं ठीक आहे असा काढायचा नाही, मेसेज बंद झाला की उलट लगेच गावात फोन लावायचा.

वाडीचा_घाट

खुंटी मी सांगतो काकांच्या वतीनं. पाण्याच्या कडेला काठी रोवायची, तासाभरानं बघायचं काठीपासून पाणी किती वर आलं. आबांना माहीत असणार, काठावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांना माहीत आहे. त्यात सुधारणा एवढीच करा की काठीऐवजी कायमची पट्टी रंगवा. गावात जाताना जो सगळ्यात खोलगट रस्ता आहे, जिथं पहिल्यांदा पाणी येऊन वाट बंद होते, तिथल्या खांबावर किंवा भिंतीवर फूट आणि इंच रंगवून घ्या, ऑइल पेंटनं. तुमच्या घराचा उंबरा त्या पट्टीवर किती फुटाला येतो ते गवंड्याला बोलवून लेव्हलच्या पाण्याच्या नळीनं काढून घ्या आणि लाल रेघ मारा, गोठ्याची वेगळी रेघ. घरात २०१९ आणि २०२१ चे डाग भिंतीवर असतील तर रंग देण्याआधी त्यांची उंची मोजून लिहून ठेवा, लोक घर रंगवून डाग घालवतात आणि मग काहीच पुरावा राहत नाही.

मग पुढच्या पावसात एक वही करायची. एकाच वेळेचे चार आकडे, आयर्विन, इचलकरंजी, तेरवाड आणि तुमची पट्टी. जवळचं कुणी शाळेतलं पोरगं असेल तर त्याला लावा, आवडीनं करतात. दोन पावसाळे वही झाली की तुमचं तुम्हाला कळायला लागेल की तेरवाडला अमुक झालं की आमच्या खोलगट रस्त्यावर पाणी येतं. दुसऱ्या कुणालाच हे सांगता येणार नाही कारण दुसऱ्या कुणाकडं तुमच्या गावची वही नाही.

चिखलीकर

मी प्रयाग चिखलीचा. आमच्यात जिथं पंचगंगा तयार हुती तिथलं गाव, आमी आन आंबेवाडी दरवर्षी पैल्यांदा. १९८९ च्या महापुरानंतर सोनतळीला प्लॉट दिलेत, पूर आला की जनावरं घिऊन तिकडं. तुमच्या फुगीचं मला ठाव न्हाई, आमच्याकडं पाणी अंगावर येतंय, पर जनावरांचं सांगतो.

माणूस घंट्याभरात निघतंय, जनावर न्हाई निघत. रात्री म्हस पाण्यात पाय टाकत न्हाई, दावं तोडती. म्हणून पाणी रस्त्याला लागायच्या आदी आन दिवसाउजेडी, ह्या दोन गोष्टी. इशारा पातळीची वाट बघायची न्हाई, तोवर टेंपोवाल्यांचं फोन लागत न्हाईत, लागलं तर त्यो दुसऱ्या गावाला गेल्याला असतो. आत्ताच, पाऊस नसताना, एका टेंपोवाल्याशी बोलून ठेवा आन त्येला थोडं ॲडव्हान्स द्या. जनावरं कुठं न्यायची ती जागा पण आत्ताच ठरवा, पावण्यांच्यात न्हाईतर छावणीत. वैरण चार दिवसाची तरी आदीच तिथं टाकून या, कारण पुरात वल्ली वैरण मिळत न्हाई, सगळी उसं पाण्याखाली. गाभण म्हस असंल तर ती सगळ्यात पैली. आन काय झालं आन जनावरं काढताच आली न्हाईत, तर दावी सोडून द्या. बांधल्यालं जनावर जाग्यावर मरतंय, सोडल्यालं पव्हून कुठंतरी वर निघतंय.

एक वळख सांगतो. नदीवरच्या पाणी उपसायच्या मोटारी. शेतकरी मोटार उगच काढत न्हाई, लई खर्चाचं आन कष्टाचं काम हाय. तुमच्या गावात सगळी मोटारी काढाय लागली की त्या दिवशी टेंपोवाल्याला फोन करा.

आबास्नी सांगा म्हातारपणी घर राखत बसू नका. २०१९ ला ब्रह्मनाळला नाव उलटली, ती माणसं शेवटाला निघाल्याली हुती. नावंत बसायची पाळीच येऊ देऊ नका, चालत रस्ता हाय तवर निघायचं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यालं माणूस नावंत चढवायचं म्हंजी लई अवघड.

शाखा_अभियंता_निवृत्त

चिखलीकरांनी मोटारींचं सांगितलं ते सोन्यासारखं आहे, आम्ही कामावर असताना पण पट्टीवरच्या माणसाइतकंच मोटार काढणाऱ्यांकडं लक्ष ठेवायचो.

एकच भर घालतो. पुण्यातून बघताना पातळी किती यापेक्षा चढण्याचा वेग किती हे बघा. नदी पात्रात असते तोवर आकडा भराभर वाढतो, पात्राबाहेर पडली की पाणी शेतात पसरतं आणि तोच आकडा तासाला एक-दोन इंचानं वाढायला लागतो. लोकांना वाटतं पूर थांबला. थांबलेला नसतो, आडवा पसरत असतो, आणि तुमच्यासारख्या सपाट भागात एका इंचात कितीतरी शेतं जातात. वेग कमी झाला म्हणून निवांत व्हायचं नाही, सलग काही तास आकडा स्थिर राहिला आणि आयर्विन उतरायला लागला तरच.

आणि ग्रामपंचायतीत जाऊन निळी आणि लाल पूररेषा तुमच्या घराच्या कुठून जाते ते नकाशावर बघून या. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. याचा अर्थ १०० वर्षं परत येणार नाही असा नसतो, दरवर्षी शंभरात एक शक्यता असा असतो. तुमच्याकडं दोन वर्षांच्या अंतरानं दोनदा आलंच की.

शिरोळची_लेक

भाऊ शनिवारी गावाला जातोय, गवंडी आणि ऑइल पेंट दोन्ही सांगून ठेवलंय. भिंतीवरचा २०१९ चा डाग आईनं कॅलेंडर लावून झाकला होता, तो तसाच आहे, २०२१ चा त्याच्या खाली वीतभर. सेन्सर पुढच्या वर्षी बघू, आधी पट्टी आणि वही. शेजारच्या काकूंचा नातू आठवीत आहे, तो लिहितो म्हणालाय.

टेंपोवाल्याला आज फोन केला, तो म्हणाला दरवर्षी लोक पाणी आल्यावरच फोन करतात, पावसाआधी फोन करणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

आबा मात्र अजून म्हणतायत की मी घर सोडणार नाही. चिखलीकर दादा, त्यांच्याशी तुम्ही बोलाल का एकदा?

चिखलीकर

बोलतो की ताई. नंबर इथं टाकू नका, मेसेज करा. संध्याकाळी धारा काढून झाल्या की सातनंतर लावतो.